गटाचे गुण, ज्याचे त्याचे गुण
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या गतकाळाविषयी आज पुष्कळ बोलले गेले आणि ते उचितच आहे. मी मात्र एक चालू तक्रार आपल्यापुढे मांडणार आहे. महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात मराठी घरे दूरदूर विखुरलेली आहेत. शाळा सुटल्यावर मुलांना एकमेकांच्या घरी जमणे अवघड जाते. म्हणून टाळेबंदी संपली तरी शनिवारचा ऑनलाइन वर्ग आम्ही चालू ठेवला. त्यात नववीची मुले चौघाचौघांच्या गटाने प्रकल्प करतात. गुण कळले की पालकांचे फोन येऊ लागतात : "सगळे काम आमच्या मुलीने केले, मग चौघांना सारखे गुण कसे?"

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचे बळ मोजून १९१३ साली प्रसिद्ध केले. एकटा माणूस जेवढे बळ लावी, त्याच्या निम्म्याहून किंचित कमीच बळ आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला येई. हा निव्वळ आळस नव्हे. आठ जणांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हेही त्याचे कारण आहे. तो एकत्र बसवायला शिकणे हाच तर गटकार्याचा अभ्यास!

आता गूगल डॉक्समध्ये कोणी, केव्हा, काय लिहिले हे शिक्षकाला उघडून पाहता येते. वहीच्या काळात ही सोय नव्हती, आणि ती मला मोलाची वाटते. पण ती टंकलेखन मोजते, काम नव्हे. घरगुती पाणीवापराच्या प्रकल्पात एका मुलीचे नाव त्या नोंदींत दोनच ठिकाणी होते. घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर. तोंडी परीक्षेत गटाला विचारले, "रविवारचा आकडा दुप्पट का?" तिघे म्हणाले, सुट्टीमुळे. ही म्हणाली, "सोमवारी नळाला पाणी येत नाही, म्हणून लोक रविवारी भरून ठेवतात. तो वापर नाही, साठा आहे." दारोदार जाऊन बादल्या मोजल्या होत्या तिने, टंकन दुसऱ्याने केले होते. शब्द मोजून गुण दिले असते, तर ही मुलगी शेवटची आली असती.

म्हणून आम्ही २० गुणांची विभागणी बदलली. एकत्रित कामाला ८. प्रत्येकाच्या तोंडी परीक्षेला ८. त्यात प्रश्न स्वतःच्या नव्हे, सोबत्याने केलेल्या भागावर. उरलेले ४ गुण सहाध्यायांच्या अभिप्रायाच्या आधारे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात स्वयंमूल्यमापन व सहाध्यायांचे मूल्यमापन असावे असे म्हटलेच आहे. मात्र मुलांना एकमेकांना आकडे द्यायला सांगितले की मैत्रीत सगळेच पैकीच्या पैकी! तेव्हा मुले आकडा देत नाहीत. सोबत्याने नेमके काय केले ते एका वाक्यात, उदाहरणासह लिहितात. 'खूप मदत केली' हे वाक्य आम्ही परत पाठवतो. आकडा शिक्षिका ठरवतात.

या पद्धतीला वेळ फार लागतो. एका वर्गाच्या तोंडी परीक्षेला तीन शनिवार जातात आणि शिक्षिका दमतात, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही सरसकट सारखे गुण देण्याच्या सोप्या वाटेकडे परतावे, असे मला वाटत नाही.

पालकांना माझी विनंती अशी की, आपल्या पाल्याच्या वाट्याचा भाग आपण लिहून देऊ नये. अशी भाषा आम्हाला पहिल्याच ओळीत ओळखू येते, आणि त्यावर मुलाला प्रश्न विचारला की त्याची होणारी केविलवाणी स्थिती पाहवत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कोणी महिन्यातून एका शनिवारी तासभर ऑनलाइन बसून तोंडी परीक्षा घेऊ शकतील, मग ते कोणत्याही गावी असोत, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयात नाव नोंदवावे. पुढची परीक्षा सहामाहीनंतरच्या पहिल्या शनिवारी आहे.