दिवेलागणीनंतरची शाळा

शाळेची वेळ कोणी ठरवावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सकाळी साडेदहाला घंटा व्हावी, दुपारी मधली सुट्टी असावी आणि पाचच्या सुमारास मुले घरी परतावीत, हा क्रम आपल्याला सूर्योदयाइतकाच स्वाभाविक वाटतो. वस्तुतः ही कचेरीची वेळ आहे. ज्या घरातील कर्ता माणूस डबा घेऊन कामावर जातो, त्या घरातील मुलाला ती सोयीची असते. परंतु ज्या घराचा संसार पंधरावीस शेळ्यांवर चालतो, तेथील मुलाचा दिवस निराळ्याच घड्याळाने मोजला जातो. उन्हे वर आली की शेळ्या रानात न्यायच्या आणि दिवस कलल्यावर परत आणायच्या. शाळा भरते नेमकी त्याच वेळी तो रानात असतो. मग पटावर नाव असूनही तो गैरहजर राहतो, आणि आपण म्हणतो, “या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.”

ही अडचण महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा सुंदर शब्द त्या प्रयोगाने मराठीला दिला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा विचार त्यामागे होता. मात्र साधा विचार अंमलात आणणे हे नेहमीच अवघड असते.

याच विचाराचे एक मोठे रूप राजस्थानात पाहावयास मिळाले. जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिलोनिया नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. तेथे १९७२ मध्ये ‘समाज कार्य आणि संशोधन केंद्र’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती बेअरफूट कॉलेज या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. तिचे संस्थापक संजित ऊर्फ बंकर रॉय हे दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयात शिकलेले, स्क्वॅश या खेळातील राष्ट्रीय विजेते. बिहारचा १९६६ सालचा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला आणि शहरातील सुखाची वाट सोडून खेड्यात राहावयाचे ठरविले. तिलोनियातील एका ओस पडलेल्या क्षयरोग्यालयाच्या इमारतींत त्यांनी बिऱ्हाड थाटले. विहिरी, हातपंप, औषधपाणी अशी कामे चालू असता शिक्षणाचा प्रश्न पुढे आला, आणि १९७५ मध्ये संस्थेने रात्रशाळा सुरू केल्या.

मी तिलोनियाला गेलो तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ऐन थंडीच्या दिवसांत. संस्थेचे एक कार्यकर्ते सायंकाळी जीपने जवळच्या एका खेड्यात मला घेऊन गेले. दोन्ही बाजूंस खेजडीची झाडे, मधूनमधून काटेरी कुंपणे, आणि रस्त्याने घराकडे परतणारे शेळ्यामेंढ्यांचे कळप. त्या कळपांमागून काठी घेऊन चालणारी मुले मी पाहिली. त्यांतलीच काही मुले तासाभरात शाळेत माझ्यासमोर येऊन बसणार आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शाळा एका खोलीची होती. मध्यभागी सौरशक्तीवर चालणारा कंदील. हे कंदील जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम खेड्यातील अल्पशिक्षित माणसेच करीत, त्यांत स्त्रियाही होत्या. संस्थेचा तसा नियमच होता. जे यंत्र गावातील माणसाला दुरुस्त करता येत नाही, ते गावाचे नव्हे. साताच्या सुमारास मुले येऊ लागली. कोणी घोंगडी पांघरलेली, कोणी बापाचा कोट घातलेला. एका मुलीच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. मुलग्यांपेक्षा मुलींची संख्या अधिक होती, आणि त्याचे कारण उघड होते. घरातल्या दोन मुलांपैकी एकालाच दिवसा शाळेत पाठविणे शक्य असेल, तर पाठविला जातो तो मुलगा. शेळ्यांमागे जाते ती मुलगी.

शिक्षक त्याच गावचा एक तरुण शेतकरी होता. मुले त्याला ‘माड़साब’ म्हणत. त्याचे शिक्षण बेताचे होते. शहरातल्या कोणत्याही शाळेने त्याला दारात उभे केले नसते. परंतु तो रोज हजर असे, कारण त्याचे घर चार पावलांवर होते, आणि एक दिवस जरी तो आला नाही तरी मुलांचे आईबाप त्याला विहिरीवर गाठून जाब विचारीत. सरकारी शिक्षक दूरच्या खेड्यात टिकत नाही ही राजस्थानची जुनी व्यथा. तिच्यावर उपाय म्हणून राज्य सरकारने १९८७ मध्ये स्वीडनच्या साहाय्याने ‘शिक्षाकर्मी’ योजना आणली, तिची बीजे तिलोनियाच्या या अनुभवातच होती. त्या योजनेतही मुलांच्या सवडीने भरणाऱ्या शाळा होत्या. त्यांना ‘प्रहर पाठशाला’ असे अर्थपूर्ण नाव होते.

त्या रात्रीचा पहिला पाठ जमिनीच्या मोजणीचा होता. शिक्षकाने गाठी मारलेली दोरी काढली, मुलांकडून खोली लांबीरुंदीने मोजवून घेतली, आणि मग अमक्याचे शेत इतके लांब, तितके रुंद, तर क्षेत्रफळ किती, असे हिशेब पाटीवर घातले. त्यानंतर एका मुलीने सुरतेहून आलेले पोस्टकार्ड वाचून दाखविले. गल्लीतल्या बायका आता आपली पत्रे तिच्याकडूनच वाचून घेतात, असे शिक्षकाने कौतुकाने सांगितले. जनावर आजारी पडले तर काय करावे, पोलिसांनी पकडून नेले तर आपले हक्क कोणते, मत कसे द्यावे, हेही या शाळांत शिकविले जाई.

शेतमोजणीला एवढे महत्त्व कशासाठी, अशी शंका कोणाला येईल. तिचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात मिळते. अजमेर जिल्ह्यात दुष्काळी कामे म्हणून रस्ता बांधला जात होता. मजुरांच्या टोळ्या पाडून टोळीने केलेल्या कामाच्या मोजमापावर मजुरी दिली जाई. किमान वेतन दिवसाला सात रुपये ठरलेले असताना मजुरांच्या हाती त्याहून कमी पैसे पडत, आणि त्या मजुरांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. संजित रॉय यांनी याविरुद्ध दाद मागितली. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय, मग ते काम दुष्काळी मदतीचे का असेना, असा निर्णय १९८३ मध्ये न्यायालयाने दिला. ज्या स्त्रीला खणलेल्या मातीचे माप कळत नाही, हजेरीपटावर काय लिहिले ते वाचता येत नाही, तिचे पैसे कोठे जिरतात हे तिला कसे कळावे? तिच्या मुलीच्या हातातली ती गाठींची दोरी गणिताच्या पुस्तकापुरती नव्हती.

शाळांची देखरेख कोणी करावी, याचे संस्थेने काढलेले उत्तरही विलक्षण होते. १९९३ पासून रात्रशाळांतील मुले आपली ‘बाल संसद’ निवडू लागली. रीतसर मतपत्रिका, रीतसर प्रचार, मंत्रिमंडळ आणि प्रधानमंत्री. दिवसा शेळ्या राखणारी एखादी बारा वर्षांची मुलगी सायंकाळी प्रधानमंत्री म्हणून शाळांची पाहणी करी. कंदील नादुरुस्त आहे, शिक्षक उशिरा येतो, पिण्याचे पाणी नाही, अशा तक्रारी संसदेत मांडल्या जात आणि मोठ्या माणसांना त्यांची उत्तरे द्यावी लागत. या संसदेची कीर्ती पुढे स्वीडनपर्यंत पोहोचली. मला स्वतःला त्या कीर्तीपेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ज्या समाजात मुलीने वडीलधाऱ्यांसमोर मान वर करू नये असा रिवाज, तेथे एका मुलीने मोठ्यांना प्रश्न विचारावा आणि त्यांनी तो ऐकून घ्यावा, हा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसतो.

हे सारे पाहून मन भारावून जाणे स्वाभाविक आहे. परंतु त्या खोलीत मी आणखीही काही पाहिले, ते सांगितले नाही तर हे वर्णन अपुरे राहील. दुसरा तास सुरू झाला तेव्हा दोन लहान मुले भिंतीला टेकून गाढ झोपली होती. शिक्षकाने त्यांना उठविले नाही. पहाटेपासून ती पायांवर होती. दिवसभराच्या श्रमाने थकलेला सात वर्षांचा जीव रात्री कितीसे शिकणार? आणि त्याला रात्री शाळा मिळाली म्हणून दिवसाचे श्रम न्याय्य ठरतात काय?

हा आक्षेप पुस्तकी नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात रंगारेड्डी जिल्ह्यात काम करणाऱ्या शांता सिन्हा आणि त्यांचे एम. व्ही. फाउंडेशन यांनी तो अत्यंत निर्धाराने मांडला. शाळेबाहेर असलेले प्रत्येक मूल बालमजूरच होय, आणि त्याची जागा दिवसाच्या पूर्ण वेळेच्या शाळेतच आहे, अशी त्यांची भूमिका. मुलांना कामावरून सोडवून, काही महिने शिबिरांत तयारी करून घेऊन, त्यांनी ती नेहमीच्या शाळेत नेऊन बसविली. या कार्याबद्दल २००३ मध्ये शांता सिन्हा यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच्या दुसऱ्या बाजूस आपले जे. पी. नाईक होते. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. पूर्ण वेळ शाळेत येणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी अंशकालीन शिक्षणाची सोय हवी, नाहीतर ती मुले कायमची निरक्षर राहतील, असे ते आग्रहाने सांगत.

कोणाचे खरे? माझ्या मते दोघांचेही, परंतु एकाच वेळी नव्हे. ज्या गावात बाप शेळ्या विकून मुलीला दिवसा शाळेत पाठविणार नाही, तेथे आजच्या मुलीला आजच शिकविले पाहिजे. धोरण बदलेपर्यंत तिचे बालपण थांबत नाही. परंतु रात्रशाळेने स्वतःला कायमची मानू नये. आपला विद्यार्थी आपल्याला सोडून दिवसाच्या शाळेत गेला, हा तिने आपला विजय समजावा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानंतर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळेची शाळा हा हक्क ठरला. शांता सिन्हांचा आग्रह देशाने मान्य केला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग सायंकाळच्या वर्गांचे काम संपले काय? आकडे निराळेच सांगतात. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ नावाची पाहणी खेडोपाडी केली जाते. २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सहा ते चौदा वयाची ९८ टक्क्यांहून अधिक मुले शाळेच्या पटावर आहेत. परंतु तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले केवळ २७.१ टक्के, आणि पाचवीतली ४८.७ टक्के. मूल शाळेत पोहोचले, परंतु अक्षर मुलापर्यंत पोहोचले नाही. ज्यांना परवडते ते सायंकाळ विकत घेतात. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील सुमारे तीस टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये तर सत्तर टक्क्यांहून अधिक. ज्याला परवडत नाही त्याची सायंकाळ रिकामी राहते. तेथेच एखाद्या सेवाभावी संस्थेचा फुकट वर्ग मोलाचा ठरतो.

मात्र वर्ग उघडला म्हणजे काम झाले, असेही नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावच्याच स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनाचे वर्ग चालविले. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. जी मुले आली त्यांची वाचनात झपाट्याने प्रगती झाली. परंतु आली ती शंभरांत जेमतेम आठ. ज्यांना अक्षर ओळखताही येत नव्हते, त्यांतलीही बहुतेक घरीच राहिली.

तिलोनियाचा खरा धडा मला येथे आठवतो. सौरकंदील आणि संसद या गोष्टी नंतरच्या. आधी कोणीतरी त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारले होते, “तुला वेळ केव्हा असतो? शिकवायला कोण यावे? काय शिकलीस तर घरी उपयोग होईल?” आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे शाळा भरविली होती. म्हणूनच ती मुले थंडीत, थकल्या पायांनी, कोणी न बोलाविता येत होती.

ज्यांना आपल्या गावी किंवा वस्तीत सायंकाळचा वर्ग काढावासा वाटतो, अशी माणसे या देशाच्या कोणत्याही प्रांतात थोडी नाहीत. त्यांनी फळा आणि खडू विकत घेण्यापूर्वी ज्या घरातील मूल वाचावयास शिकलेले नाही, त्या घरी एक चक्कर टाकावी, आणि त्या मुलाची सायंकाळ कशी जाते ते नीट विचारून घ्यावे. वर्गाची वेळ मग आपोआप ठरेल.