हरणाकडे बघणारा शिकारी

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हापासून वस्तीत आम्हाला जागोजागी अडवून विचारणा होत आहे. विहारात हरणाच्या शिकारीवर भाषण? रोज पंचशील घेताना पहिल्याच शीलात आपण प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे म्हणतो, आणि तुम्ही अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या गोष्टी सांगणार? विचारणा रास्त आहे, म्हणून आधी खुलासा करतो. तथागतांनी पहिला उपदेश दिला ती सारनाथची जागा म्हणजे मृगदाय, हरणांचं रान. तेव्हा हरीण काही आपल्याला परकं नाही. दुसरं असं की, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना एक भेद दाखवला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम असला की पाळला किंवा मोडला, एवढंच. तत्त्व हातात दिलं की डोकं चालवावं लागतं. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून? आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत त्याचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. तो बौद्ध नव्हता. तो शिकारी होता.

त्याचं नाव आल्डो लिओपोल्ड. जन्म १८८७, मृत्यू १९४८. त्याचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघालं. आम्ही सूतगिरणीतली माणसं, रिंगफ्रेमच्या साइडवर उभं राहून दिवस काढलेली. रातपाळीला जाण्याआधी तासभर डिक्शनरी मांडीवर घेऊन हे पुस्तक वाचलं. पुरं व्हायला दोन पावसाळे लागले. त्यातलं सगळं कळलं असा दावा नाही. जे कळलं ते असं.

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पानगळ सुरू होते. मेपलची पानं लाल, ओकची तपकिरी, आणि मग नोव्हेंबरात हरणांचा माजाचा काळ येतो. हे हरीण म्हणजे आपलं काळवीट नव्हे. पांढऱ्या शेपटीचं म्हणतात त्याला. पळताना शेपटी वर करतं आणि पांढरं निशाण फडकल्यासारखं दिसतं. नोव्हेंबरात एका शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो तो नऊ दिवस चालतो. आजही विस्कॉन्सिनात पाच लाखांहून जास्त लोक त्याचा परवाना काढतात. कारखान्यातला कामगार, दुकानदार, मास्तर, बायामाणसंसुद्धा. कुणाचं वडिलोपार्जित रान, कुणी मित्राच्या शेतावर. झाडावर मचाण बांधून पहाटेच्या अंधारात जाऊन बसायचं. अंगात भडक नारिंगी कपडे, म्हणजे दुसऱ्याने हरीण समजून गोळी घालू नये. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. (हे आम्ही घरी सांगितलं तर लेकी हसल्या.) मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद करावी लागते. मांस घरी वर्षभर पुरतं, आणि २००० सालापासून जास्तीचं मांस गरिबांच्या अन्नछत्रांना देण्याचीही सोय आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही तर शुद्ध हौस झाली. थोडं थांबा.

१९०० सालाच्या सुमारास त्या देशात ही हरणं जवळजवळ संपली होती. पाच लाखांच्या आत उरली असावीत असा अंदाज आहे. कारण साधं होतं. रेल्वे आली, आणि जंगलातलं मांस गाड्या भरभरून शहरांच्या बाजारात जाऊ लागलं. शिकारी नफ्यासाठी मारत होते, आणि नफ्याला पोट नसतं. मग कायदे झाले, हंगाम ठरले, बाजारात विक्री बंद झाली. १९३७ साली एक कायदा होऊन बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. मारण्याच्या साधनावर कर घ्यायचा आणि तो पैसा जगवण्यावर खर्चायचा. हिशेब चमत्कारिक वाटतो, पण हिशेब आहे. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास असल्याचं मानतात.

पण हरणं वाढवताना एक गोष्ट केली गेली. हरणं खाणारे मारले गेले. लांडगा मारून आणेल त्याला सरकारी इनाम मिळे. लिओपोल्डही त्याच मताचा होता. १९०९ साली तो वनखात्यात नोकरीला लागून ॲरिझोनात गेला, वय बावीस. एका कड्यावर बसून भाकरतुकडा खाताना खाली नदीकाठी लांडग्यांचा कळप दिसला, आणि सगळ्यांनी गोळ्या झाडल्या. एक म्हातारी लांडगीण पडली. हा खाली उतरून जवळ गेला तेव्हा ती मरत होती. तिच्या डोळ्यांत त्याला काहीतरी विझताना दिसलं. त्याने ते लिहिलं १९४४ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. आम्हाला यात विशेष वाटतं ते हेच. काही लोक सांगतात, लांडगीण मेली आणि शिकाऱ्याचं हृदयपरिवर्तन झालं. तसं झालेलं नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं तो लांडगे संपवावेत असंच म्हणत होता. डोळ्यांनी पाहिलेलं मनात उतरायला पुष्कळ बघावं लागलं.

काय बघितलं? ग्रँड कॅनियनच्या काठावर कैबाब नावाचं पठार आहे. तिथे १९०६ पासून हरणांना अभय मिळालं आणि हिंस्र जनावरं मारली गेली. १९२० नंतरच्या दशकात तिथे भुकेने हरणांची रास पडली. नेमके आकडे किती, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले, तो भाग सोडा. १९३५ साली तो जर्मनीला गेला. तिथली जंगलं टापटीप, रांगेत झाडं, लांडगे कधीच नाहीसे झालेले; आणि हरणांनी खालची सगळी हिरवळ खाल्लेली, त्यांना वरून चारा घालावा लागे. मग १९३६ साली मेक्सिकोच्या डोंगरात गव्हिलान नदीवर तो तिरकमठा घेऊन शिकारीला गेला. तिथे लांडगे होते, डोंगरी सिंह होते, हरणंही भरपूर होती, आणि जंगल शाबूत. दोन्ही गोष्टी वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पाहिल्यावर मनातला काटा फिरला.

हे कसं घडतं ते मुलांना सांगतो. हरीण कोवळे शेंडे खातं. हरणं फार झाली की जंगलात म्हातारी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्याखाली रोप उरत नाही. थोरली माणसं आहेत आणि पोर एकही नाही, अशा घरासारखं. थंडीत बर्फ साचला की हरणं सीडरच्या झाडीत गोळा होतात. तोंड पोचेल तिथपर्यंतचा पाला सफाचट करतात. मोठा नर मागच्या पायांवर उभा राहून वरचा पाला ओढतो. पाडसाचं तोंड तिथवर पोचत नाही. म्हणून पाडसं आधी मरतात, पोटात काहीतरी लाकूडकुटका भरलेला, तरी उपाशी. १९४० नंतर लिओपोल्डने हे विस्कॉन्सिनात स्वतः फिरून पाहिलं.

आता त्याच्या रानाकडे येऊ. १९३५ साली, त्याच वर्षी, त्याने विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकरांची एक रेताड जमीन विकत घेतली. आधीच्या मालकाने पिकं काढून काढून तिचं सत्त्व संपवलेलं, घर जळालेलं. उरलं होतं एक कोंबड्यांचं खुराडं. विद्यापीठाचा प्राध्यापक, बायको आणि पाच मुलं, सगळ्यांनी मिळून त्यातली घाण उपसली आणि राहण्याजोगी झोपडी केली. शनिवार-रविवारी सगळं बिऱ्हाड तिथे. बायको एस्टेला राज्याची महिला तिरंदाजी विजेती. पानगळीत शिकार, वसंतात झाडं लावायची, आणि बाराही महिने बघायचं. पहिल्या वर्षांतली बहुतेक रोपं दुष्काळात मेली. पुन्हा लावली. जगली ती ससे आणि हरणं खाऊ लागली. पुन्हा लावली. मिळून हजारो पाइन.

बघायचं म्हणजे नुसतं मनोरंजन नव्हे. पहाटे साडेतीन वाजता कॉफीचं भांडं, वही, घड्याळ आणि उजेड मोजण्याचं यंत्र घेऊन तो बाकावर बसे. कोणता पक्षी किती उजेडाला पहिली साद घालतो ते टिपून ठेवी. पहिलं फूल कधी, बदकं कधी आली, बर्फावर हरणाचं पाऊल कुठून कुठे गेलं, सगळं तारीखवार. चिकाडी नावाचा चिमणीएवढा पक्षी असतो. ते पकडून पायात नंबराचा वाळा घालून सोडायचे. त्यांतल्या एकाचा नंबर ६५२९०. बरोबरीचे सगळे गेले, हा एकटा पाच हिवाळे तगला. एवढ्याशा जिवाची कोणी अशी हजेरी ठेवावी! गिरणीत आमचीही हजेरी नंबराने लागे, पण पाच हिवाळ्यांनी कोण उरलं हे कोणी पाहिल्याचं आठवत नाही.

आणि हाच माणूस १९४३ साली माद्या मारा म्हणाला. तो तेव्हा राज्याच्या निसर्गसंरक्षण मंडळावर नुकताच नेमला गेला होता. तोवर फक्त शिंगाळे नर मारायची रीत. मादी आणि पाडसावर गोळी घालणं म्हणजे पाप, असंच शिकारीही समजत. लिओपोल्ड म्हणाला, यंदा मारली नाहीत तर ती बर्फात तडफडून मरतील, आणि जाताना जंगल घेऊन जातील. त्या हंगामात चार दिवस माद्यांसाठी मोकळे केले. सव्वा लाखाहून जास्त हरणं पडली. राज्यभर ओरड झाली, ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं नाव पडलं, त्याच्याविरुद्ध एक वेगळं वर्तमानपत्रच निघालं. मरेपर्यंत ते त्याच्या मागे लागलं होतं. त्याला आपलं म्हणणं कधीच पुरतं पटवून देता आलं नाही.

बंधू-भगिनींनो, ‘गरज’ या शब्दाशी आम्ही इथे बराच काळ अडलो. दयाळू कोण? मादीला मारू नका म्हणणारे हजारो, की मारा म्हणणारा हा? आमचं मत विचाराल तर, ज्याने बर्फातली पाडसं मोजली होती त्याचा अधिकार मोठा. मात्र ही गरज माणसानेच तयार केली होती, हेही विसरून चालणार नाही. लांडगे मारले नसते तर हे काम बंदुकीवर आलंच नसतं. आणि गरजेचं नाव सांगून हौस भागवणारे कमी नाहीत. टेक्सासमध्ये उंच कुंपणाआड शिंगाळे नर वाढवतात आणि पैसे मोजणाऱ्याला मारायला देतात. भिंतीवर मुंडकं, खाली शिंगांचं माप. तिथे पाडसाचा प्रश्न कुठे येतो?

गरज कोणाची मोजतात हाही प्रश्न आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ओजिब्वे हे मूळचे रहिवासी. १८३७ आणि १८४२ च्या करारांत त्यांची जमीन गेली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. राज्याने तो शंभर वर्षांहून जास्त काळ मानला नाही. १९७४ साली दोन भावांना मासे मारल्याबद्दल पकडलं, खटला चालला, आणि १९८३ साली वरच्या कोर्टाने हक्क खरा ठरवला. त्यानंतर ही माणसं तळ्यावर गेली की काठावर जमाव जमून शिव्या आणि दगड. शनिवारी मचाणावर बसणारा तो खेळाडू, आणि पोटासाठी भाला टाकणारा तो चोर! हे आपल्याला नवीन नाही. संस्थानिकांनी नेम धरला ती शिकार, हरणपारध्याने फास लावला तो गुन्हा. पारध्यांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, शिक्का कागदावरून निघाला १९५२ साली. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, तारेच्या आतल्या माणसांनी याच गावच्या जुन्या गिरण्या चालवल्या आहेत. आपल्या थोरांना ते ठाऊक आहे.

आपल्या जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोक दुर्मिळ झाला, पण काळविटांचे कळप आहेत आणि लांडगाही आहे. १९७२ च्या कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे. काळवीट ज्वारीत शिरतं, लांडगा धनगराची मेंढी नेतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण मिळेपर्यंत चपला झिजतात. आपल्याकडे शिकारीचा हंगाम नाही, तो यावा असंही आम्ही म्हणत नाही. लांडगा माळावर आहे तोवर विस्कॉन्सिनची पाळी आपल्यावर यायची नाही, आणि तो राहायचा तर मेंढीचे पैसे धनगराला वेळेवर मिळाले पाहिजेत. हे साधं गणित आहे.

लिओपोल्ड २१ एप्रिल १९४८ ला गेला. शेजाऱ्याच्या रानात गवताला आग लागली होती, ती विझवताना हृदय बंद पडलं. लांडग्यांवरचं इनाम विस्कॉन्सिनने १९५७ साली बंद केलं, तेव्हा लांडगे जवळजवळ उरलेच नव्हते. १९७० नंतर ते शेजारच्या मिनेसोटातून आपल्या पायांनी परत आले. आता त्यांना मारू द्यायचं की नाही यावर तिथे पुन्हा भांडणं चालू आहेत. ती झोपडी अजून उभी आहे, भोवती त्याने लावलेले पाइन उंच झाले आहेत. तो होता तेव्हा राज्यात मोजके सँडहिल क्रौंच उरले होते. आता नोव्हेंबरात, ज्या दिवसांत पहाटे बंदुका वाजतात त्याच दिवसांत, संध्याकाळी नदीच्या वाळूवर ते हजारोंनी उतरतात, आणि माणसं आडोशाला बसून, बोलणं बंद करून ते बघतात.

वेळ बराच झाला, मागे खिरीचं पातेलं उतरलं आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर खीर घेताना विचारावं. जयभीम! नमो बुद्धाय!