भट्टीवरची अंगणवाडी
(कडाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, ताराबाई मोडक १९४६ ते १९५१ मुंबई विधानसभेत आमदार होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. १९४५ साली त्यांनी बोर्डीत काम सुरू केलं. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तर अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

आपल्याकडे दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. पोरं सोबत, शाळेच्या पटावर नुसतं नाव. मी भट्ट्यांवर जाते, तिथे पाळणा साडीचाच. १०९८ हा नंबर आहे, चांगलाच आहे. पण उचल घेतलेल्या आईनं मालकाविरुद्ध फोन करायचा कसा? म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडूया: भट्टीवर अंगणवाडी, आणि परतल्यावर पोरांना त्यांच्याच वर्गात जागा. सह्या-अंगठे आजच घेऊया.