जुन्या पिकअपची वीज : आधी जोड तपासा, मग खर्च करा

भाजीपाल्याचे क्रेट भरून रात्री बाजाराला निघावे आणि किल्ली फिरवताच सेल्फने नुसते ‘टक् टक्’ करावे, हा अनुभव जुनी पिकअप बाळगणाऱ्या पुष्कळांना असेल. ‘बॅटरी गेली’ म्हणून आपण नवी बॅटरी आणतो. पण बरेचदा दोष जोडात असतो. म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! म्हणून खर्चाआधी चार गोष्टी पाहा.

पहिली, बॅटरीची टोके. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली की वीज नीट पुढे जात नाही. इंजिन बंद करून आधी वजा टोकाची वायर काढा, मग अधिकची. जोडताना अधिक आधी, वजा शेवटी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टोके धुवा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे पुसून घट्ट आवळा, वर ग्रीसचा हात द्या. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको. आणि जवळ विडी-काडी मुळीच नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

दुसरी, चार्जिंग. साध्या मीटरने पाहा. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी काही तास उभी असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसावेत. आकडा वाढलाच नाही, तर फॅनबेल्ट ढिला आहे, नाहीतर अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या वायरीत दोष आहे. तो काढल्याशिवाय नवी बॅटरी टाकाल, तर तीही उतरेल.

तिसरी, अर्थिंग. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मिणमिणतो काय? मग त्या दिव्याची अर्थवायर बहुधा गंजली आहे. ती जिथे आवळली आहे, तो पत्रा पॉलिश कागदाने चकचकीत घासा आणि बोल्ट पुन्हा आवळा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, फ्यूज. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका. फ्यूज हा गाडीचा राखणदार आहे. 10 अँपियरच्या जागी 10 चाच घाला. तोही उडाला, तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला टेकली आहे किंवा उंदराने कुरतडली आहे, असे समजा. अशा वेळी तार घातली तर ती वितळत नाही, आतली वायरच तापून पेटते. मग माल जातो, गाडी जाते आणि माणसाच्या जिवावर बेतते.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही, तर गाडी वायरमनकडे न्या आणि काय काय तपासले ते त्याला सांगा. गाडीत दोन-चार योग्य फ्यूज, एक पाना आणि विजेरी कायम ठेवा.