सुईणीचा हात आणि सरकारची नोंदवही

(युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय. गरीब देशांत बाईच्या आरोग्यासाठी कामगार कसे तयार करायचे. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, गर्भपात, पाळणा लांबवणं, अंगावरून जाणं, गुप्तरोग, सगळं त्यात आलं. विषय वाचून मागच्या रांगेत दोघं-तिघं हसली. हसा. पण हसून झालं की एक सांगा, आपल्या वस्तीत या गोष्टी बोलतं कोण? मास्तर पुस्तकातलं ते पान उलटून पुढं जातो. घरात आई कुजबुजते. आणि आपण पोरं नाक्यावर बोलतो ते शिव्यांत. शिवी द्यायची तर बाईच्या अंगाचं नाव तोंडात पटकन येतं. त्याच अंगाला आजार झाला की सगळ्यांची दातखीळ बसते.

म्हणून मी बोलणार. मी डॉक्टर नाही. गोदीत माल चढवतो-उतरवतो, दहावी पास आहे, कविता लिहितो. पण हा सवाल औषधाइतकाच श्रमाचा आहे, आणि श्रमाचं मला कळतं.

आधी हिशेब ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२३ या एका वर्षात जगभर सुमारे २ लाख ६० हजार बाया गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेल्या. रोजच्या सातशेवर. शंभरातल्या ९२ गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. मेल्या कशानं? रक्त गेलं म्हणून, रक्तदाब चढून झटके आले म्हणून, जंतू शिरले म्हणून, कुठंतरी चोरून गर्भ पाडून घेतला म्हणून. यातल्या एकाही कारणावरचा इलाज आता शोधायचा राहिलेला नाही. गोळी आहे, इंजेक्शन आहे, रक्ताची बाटली आहे. नाहीये तो शिकलेला हात, बाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आता आपल्या मुलखात हा हात कुणाचा होता ते बघा. पुष्कळ गावांत बाळंतपणाला मांगवाड्यातली सुईण बोलवायचे. उत्तरेकडं नाळ कापणं हे चांभाराच्या बाईचं काम. रक्त, पाणी, वार, विटाळ सगळा तिनं उचलायचा. पोर बाहेर येईपर्यंत तिचा हात चालायचा, पोर बाहेर आलं की तोच हात बाटवणारा. मजुरी काय, तर पसाभर दाणे आणि जुनेर. आणि तिचं स्वतःचं बाळंतपण? १८५५ साली ज्ञानोदयात मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला. जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली पोर ती. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं विचारलं. मी म्हणतो, या देशातल्या बाळंतपणाच्या प्रश्नाचा पहिला अहवाल तोच.

पुढं सरकार आलं आणि त्यानं या बाईला ‘अडाणी दाई’ असं नाव दिलं. काही दिवसांचं प्रशिक्षण, हातात ब्लेड, दोरा, साबणाची पेटी, जा आता. तिच्यामागं गाडी नाही, रक्त नाही, रात्री उघडा दवाखाना नाही. बाई दगावली की खापर दाईवर. मग ठरवलं की दाईला शिकवून उपयोग नाही. अरे, तुम्ही तिला शिकवलं कधी नीट?

शिकवणं म्हणजे काय हे गोदीत कळतं. जहाजाच्या हॅचच्या तोंडाशी सिग्नलमन उभा असतो. त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर क्रेन चालते. खाली आमची डोकी असतात. नव्या माणसाला फळ्यावर चित्र काढून दाखवलं आणि उद्यापासून तू सिग्नल दे म्हटलं, तर संध्याकाळी मढी मोजायला लागतील. तो जुन्या माणसाच्या शेजारी उभा राहतो, बघतो, मग जुना शेजारी असताना हात हलवतो, चुकला की तिथल्या तिथं शिव्या खातो, मग एकटा उभा राहतो. बाळंतपणाचं शिकणं याहून वेगळं नाही. भाषण ऐकून हात शिकत नाही.

हे फक्त माझं म्हणणं नाही. मोझांबिककडं बघा. १९७५ साली पोर्तुगिजांच्या जोखडातून देश सुटला, बहुतेक डॉक्टर बोटीत बसून निघून गेले. मग १९८४ पासून त्यांनी डॉक्टर नसलेल्या आरोग्य कामगारांना तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकवली. दोन वर्षं राजधानीच्या इस्पितळात, एक वर्ष प्रांताच्या इस्पितळात हाताखाली राहून. ही माणसं सिझेरियन करू लागली. पुढं अभ्यासकांनी सुमारे दोन हजार सिझेरियन तपासली, अर्धी तज्ज्ञांची, अर्धी या लोकांची. निकालात म्हणावा असा फरक सापडला नाही. आणखी एक गोष्ट सापडली. सात वर्षांनी जिल्ह्याच्या इस्पितळांत या कामगारांपैकी शंभरातले ८८ टिकून होते. तिथं नेमलेल्या डॉक्टरांतला एकही नव्हता.

इथिओपियानं २००३ पासून दहावी झालेल्या पोरी घेतल्या. म्हणजे माझ्याएवढ्या शिकलेल्या. वर्षभर शिकवलं, त्यांच्याच भागात दोघी-दोघी नेमल्या, आणि महिन्याचा सरकारी पगार दिला. अशा तीस हजारांवर पोरी उभ्या केल्या. २००९ पासून त्या दंडात बसवायची, पाळणा लांबवणारी कांडीही बसवू लागल्या. बांगलादेशात गर्भपाताचा कायदा कडक आहे, पण १९७९ पासून ‘पाळी नियमित करण्याची’ सोय सरकारी कार्यक्रमात आहे, आणि हातानं चालवायच्या पंपानं ते काम शिकलेल्या आरोग्यसेविका करतात.

आपल्याच शेजारी या. बेळगाव जिल्ह्यात खेड्यात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंच्या हाती रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. २००६ साली त्याचा निकाल लॅन्सेटमध्ये छापून आला. जास्त रक्त जाणाऱ्या बाया शंभरात बारा होत्या, त्या सहावर आल्या. गोळ्या कुठल्या? तोंडानं घ्यायच्या, साध्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बाया तपासल्या, ते १९८९ साली प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ९२ बायांना अंगाचा कुठला ना कुठला आजार. त्याआधी तपासणी झालेल्या किती? आठ. पुढं त्याच जिल्ह्यात गावातल्या बायांना शिकवून तान्ह्या बाळांना घरी इंजेक्शन देण्यापर्यंत तयार केलं, आणि बाळांचं मरण निम्म्याहून खाली आलं.

म्हणजे आपल्या बाईचा हात शिकतो हे सिद्ध झालेलं आहे. मग घोडं अडतं कुठं?

घोडं नोंदवहीत अडतं. या देशात आरोग्यसेविकेला शिकवलं ते बाई तपासायला कमी आणि बाई आणायला जास्त. आणीबाणीत १९७६-७७ साली ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात सर्वांत आधी ओढले गेले ते गरीब, दलित, मुसलमान. कोटा भरायचा होता. १९९६ साली सरकारनं टार्गेट रद्द केल्याचं सांगितलं. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या इस्पितळाच्या इमारतीत, एका सर्जननं काही तासांत ८३ बायांच्या नसबंद्या उरकल्या. दिवसाला तीसची मर्यादा असताना. बिलासपूरच्या त्या शिबिरांनी १३ बाया मेल्या. दलित, आदिवासी, मागास जातींतल्या. अशा शिबिरांत बाया घेऊन येते ती गावातलीच सेविका, डोक्यामागं पैसे घेऊन. मरणारी तिची शेजारीण. तिला ‘चला’ म्हणायला शिकवलं होतं. ‘थांबा, इथं सुया उकळलेल्या नाहीत, इथं मी बाई देणार नाही’ असं म्हणायला कुणी शिकवलं होतं? २०१६ साली सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा म्हणून सांगितलं. सांगावं लागलं ते कोर्टाला.

दुसरं अडतं ते उतरंडीत. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याच्या नियमांत एमबीबीएस डॉक्टरला सुरुवातीच्या बारा आठवड्यांचा गर्भपात करायला मान्यता कशी मिळते? २५ केसेसमध्ये मदत करायची, त्यातल्या पाच स्वतः करायच्या. बघा, डॉक्टरचा हातसुद्धा आमच्या सिग्नलमनसारखाच शिकतो. मग तेवढ्याच केसेस नर्सनं केल्या तर तिचा हात का शिकणार नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ सालीच सांगितलं की शिकलेली नर्स हे काम करू शकते. आपल्याकडं २०१४ च्या मसुद्यात ती तरतूद होती. २०२१ साली कायदा बदलला तेव्हा ती गळून पडली. ज्ञान वरच्यांच्या ताब्यात आणि रक्त पुसणं खालच्यांच्या वाट्याला. ही मनूची वर्णव्यवस्थाच आहे, फक्त पांढरा कोट घातलेली.

तिसरं अडतं मजुरीत. २००५ साली आशा आल्या. आज देशात दहा लाखांच्या आसपास. सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं. पगार नाही, मानधन. कामगार नाही, स्वयंसेविका. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, आणि त्याच बायांना महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ साली संपावर बसावं लागलं. टाळ्या वाजवून चूल पेटत नाही. पसाभर दाणे आणि जुनेर देणारा गाव आणि मानधन देणारं सरकार, यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

आणि चौथं, जे कुठल्याच अभ्यासक्रमात धड नाही. बाईला हात कसा लावायचा. आमच्या चाळीतली एक पोर पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली. पहिला सवाल, लग्न झालंय का? दुसरा, आडनाव काय? मग पडदा न लावता, चार माणसांत, ‘बघा यांच्या वस्तीतल्या पोरी.’ ती परत गेली नाही. दुखणं घेऊन जगतेय. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की गर्भपाताच्या हक्कात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. अठराच्या आतल्या पोरीची खबर पोलिसांत द्यावी लागते, पण ती आणि तिचे पालक म्हणाले तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, असंही त्यातच आहे. हा निकाल प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वाचून दाखवायला नको?

तर आपली मागणी काय? प्रशिक्षण हातानं, जुन्या जाणत्या हाताशेजारी उभं राहून, ठरलेल्या संख्येनं केसेस करून. शिकल्यावर ते काम करायचा कायदेशीर हक्क. मागं गाडी, रक्त, औषध. महिन्याचा पगार, कामगार म्हणून नोंद. बाईचं गुपित राखणं आणि जात न विचारणं हे परीक्षेत, त्यात नापास तर नापास. आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार, वरून कोटा आला तरी.

हे बाहेरून आलेलं खूळ नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा होता. रोहमांनी मांडला. सभागृहानं पाडला. त्याच्याआधी, १९३४ साली, र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले तेही बाबासाहेबच. लाजायचं कारण आपल्या परंपरेत नाही.

पोरांनो, पुढच्या वेळी आशाताई संपावर बसल्या की त्यांच्या मंडपात जाऊन बसा, नुसतं पाणी वाटून येऊ नका. आपल्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, इथल्या सेविकेला काय शिकवलंय, किती दिवस, कुणी, आणि ती शिकलेलं करू शकते का. उत्तर लिहून घ्या आणि या मासिकाकडं पाठवा. बहिणींनो, तुमच्यातल्या ज्यांना नर्सिंगला जायचंय त्यांनी जा. गोरगरिबाच्या बाईला हात लावताना ज्याचा हात आखडत नाही, तो हात आता आपल्यातूनच शिकून वर आला पाहिजे.

जयभीम.