आशा पुथलीची गाणी ऐकताना

(गटाच्या मासिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, "अगं, पोटगीचे एवढे अर्ज पडलेत आणि तू जॅझ काय ऐकवतेस?" प्रश्न रास्त आहे. मी गाण्यातली जाणकारही नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि समुपदेशन केंद्रात बसायला लागले, ती आजवर बसते आहे.

त्या केंद्रातलीच एक गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एक चाळिशीची बाई आली. तिला सासरहून स्त्रीधन परत आणायचं होतं. आम्ही यादी केली: सोनं, भांडी, कपाट, शिलाई मशीन. सही करताना ती थांबली. म्हणाली, "ताई, पेटी राहिली." मला वाटलं पत्र्याची पेटी. "नाही हो, वाजवायची." लग्नाआधी ती गाणं शिकत होती. सासरी पेटी पहिल्याच वर्षी माळ्यावर गेली. आम्ही सामान आणायला गेलो तेव्हा सोनं काही मिळालं नाही, पेटी मिळाली. भाता उंदरांनी कुरतडलेला. ती पेटी मांडीवर घेऊन बाई रिक्षात बसली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या यादीत आवाजाला रकानाच नाही.

त्याच सुमारास एका मैत्रिणीनं मला 'द इसेन्शियल आशा पुथली' हा संग्रह ऐकायला दिला. 2022 साली ब्रिटनमधल्या मिस्टर बोंगो या कंपनीनं तो काढला. एका बाईनं अनेक वर्षांत गायलेलं एकत्र आणलेलं. नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं, आणि आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलं नसेल. बाई मात्र आपल्या मुंबईची, 1945 सालचा जन्म. कमलादेवी चट्टोपाध्याय तिच्या नात्यातल्या. हिंदुस्थानी संगीत शिकली, पाश्चात्त्य ऑपेराचं शिक्षण घेतलं, आणि साठच्या दशकात मुंबईत जॅझ गायला लागली. तेव्हा हॉटेलांतल्या बँडमध्ये वादक बहुतेक गोव्याचे. तिथे गाणारी मुलगी म्हणजे चांगल्या घरची नव्हे, हा समज पक्का.

न्यूयॉर्कला जायचं तर पैसे कुठून आणायचे? तिनं ब्रिटिश विमान कंपनीत हवाईसुंदरीची नोकरी धरली. (शब्दच बघा! ट्रे उचलायचा, आजारी प्रवाशांचं बघायचं, आणि नाव काय, तर सुंदरी.) पुढे मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती तिथे पोचली. बिली हॉलिडेला पुढे आणणारे जॉन हॅमंड यांनी वेद मेहतांच्या पुस्तकात तिच्याबद्दल वाचलं होतं. त्यांच्यामुळे तिची ऑर्नेट कोलमनशी गाठ पडली.

इथे जरा थांबते. कोलमन हा काळा अमेरिकन सॅक्सोफोनवादक. ठरलेल्या स्वरसंगतीची चौकट मोडून वाजवणारा. भल्याभल्या जॅझवाल्यांना तो झेपत नसे. 1971 साली 'सायन्स फिक्शन' या त्याच्या रेकॉर्डवर दोन गाणी गायला त्यानं ही सव्वीस वर्षांची मुंबईची मुलगी घेतली. ऐकताना कळतं की का. मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स आपापल्या दिशेला धावतायत, टेकायला जागा नाही. आणि ही मधोमध एक लांब स्वर लावून उभी. तंबोऱ्यावर एका 'सा'शी तास न् तास बसण्याची सवय असलेल्या गळ्यालाच ते जमावं. मी दहादा ऐकलं. पहिल्या चार वेळा डोकं दुखलं, हेही सांगते.

पुढचा प्रवास वेगळा आहे. 1973 साली सीबीएसनं तिची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड काढली. मग सोल, मग डिस्को. 1976 च्या 'द डेव्हिल इज लूज'मधलं 'स्पेस टॉक' तर न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजलं. तिथे काळे, लॅटिनो, समलिंगी तरुण, ज्यांना इतरत्र दारातूनच परत पाठवत, ते त्यावर नाचले. 1997 साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या गाण्यात त्याचेच सूर घेतलेले आहेत. तिचा आवाज तिथे पोचला आणि इथे, चर्चगेटपासून शिवाजीनगरपर्यंत, कुणाला पत्ता नाही.

सगळंच मला आवडलं असं नाही. डिस्कोची काही गाणी पोकळ आहेत. 'पूर्वेची गूढ, मादक स्त्री' ही जाहिरात कंपन्यांनी भरपूर केली आणि तिनंही ती पुष्कळदा हसत वापरली. त्यावर आपण जरूर भांडू. पण भांडताना एक लक्षात ठेवू या. आपल्या पुण्यातच हिराबाई बडोदेकरांनी बाईला तिकीट लावून, चारचौघांत, मानानं गाता येतं हे करून दाखवलं. केवढी मोठी वाट! पण त्या वाटेवर टिकायला अंगभर पदर, खाली नजर, हातवारे नाहीत, हे सगळं सांभाळावं लागलं. गळा मोकळा केला तर देह झाकून दाखवायचा, असा जणू करारच समाजानं बाईशी केला. आशा पुथलीनं तो करार मानला नाही. तिच्या गाण्यात श्वास ऐकू येतो, इच्छा ऐकू येते. आपण चळवळीची गाणी मोठ्यानं म्हणतो, पण इच्छेबद्दल बोलायची वेळ आली की आपलीही नजर खाली जाते. निदान माझी जाते.

देहाचं एक झालं. आवाज दुसऱ्याच्या हाती असणं हे आणखी वेगळं. गोव्याच्या लॉर्नाचं उदाहरण घ्या. ख्रिस पेरीच्या बँडबरोबर तिची कोकणी गाणी घरोघर वाजत होती, आणि मग वीसेक वर्षं ती रंगमंचावरून नाहीशीच झाली. 1995 साली परत आली तेव्हा लोक नुसता आवाज ऐकायला लोटले. आपल्याकडे गाणाऱ्याला रॉयल्टीचा हक्क कायद्यानं मिळाला तो 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं. तोवर गळा बाईचा आणि रेकॉर्ड कंपनीची, असाच व्यवहार होता. वकील मैत्रिणींनी यावर एकदा स्वतंत्र बैठक घ्यावी अशी माझी सूचना आहे. लावणीच्या फडांतल्या, बँडमधल्या, जागरणात गाणाऱ्या बायकांचं रेकॉर्डिंग आज कोणीही मोबाइलवर करून टाकतं. त्यांना काय मिळतं?

आशाबाई 2024 साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या महोत्सवात गायल्या. मघापासून त्यांना 'ती' म्हणतेय, ते प्रेमानं.

पेटीवाल्या बाईचं राहिलं. भात्याला नवं कापड लागलं, तीन सूर अजून बसलेले आहेत. ती गुरुवारी केंद्रात येते आणि आमचं काम संपल्यावर मागच्या खोलीत अर्धा तास वाजवते. घरी भावजयीला त्रास होतो म्हणून. मी तिला 'स्पेस टॉक' ऐकवलं. तिनं तोंड वाकडं केलं. मग कोलमनबरोबरचं ऐकवलं, तर म्हणाली, "ही कुठल्या पट्टीत गातेय, सापडत नाही, पुन्हा लावा."

तेच आता तुम्हाला लावते. पंखा जरा बंद करा, आणि दाराजवळच्या मैत्रिणींनी आत सरकून बसा.