गाडीवरच्या माणसाला फोन

आम्ही कल्याण-मुरबाड रस्त्यालगतच्या गावातल्या बचत गटाच्या बायका. आज बोलायचे आहे ते आमच्याच एका सवयीबद्दल.

संध्याकाळचे सात वाजले की आमचा हात फोनकडे जातो. "कुठे पोचलात? येताना कोथिंबीर आणा." घरचा माणूस तेव्हा शहाडचा पूल उतरून म्हारळ, वरप, कांबा करत मोटरसायकलवर येत असतो. खिशात फोन थरथरतो. घरचा फोन म्हटल्यावर तो उचलतोच. हेल्मेटमध्ये सरकवतो, नाहीतर मान वाकडी करून खांद्यात धरतो.

आमच्या गटातल्या एका ताईचे असेच झाले. नवरा दूध घालून परत येत होता. रायते पुलाच्या अलीकडे असताना तिचा फोन गेला. बोलता बोलता तिला ब्रेकचा आवाज आला, मग काहीच नाही. उभ्या टेम्पोवर तो मागून आदळला होता. जीव वाचला, पण पाय मोडला. तीन महिने दूध बंद. कर्जाचे हप्ते गटाने मिळून सांभाळले. ती मात्र एकच म्हणत राहिली, "मीच फोन केला ना!" आम्ही सांगितले, बाई, उचलायचा की नाही हे त्याच्या हातात होते. ते खरेच आहे. पण करायचा की नाही, हे आपल्या हातात आहे ना?

हिशेब करून बघा. ताशी ४० किलोमीटर हा काही फार वेग नाही. तरी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. कुणाचा फोन आहे हे बघायला चार सेकंद लागले, तर ४४ मीटर गाडी न बघता चालली. तेवढ्यात खड्डा येतो, म्हैस येते, शाळेतून सुटलेले पोर येते.

मुलगे म्हणतात, "आई, कानात इअरफोन आहे, हात मोकळे आहेत." हात मोकळे असतील, मन कुठे आहे? चुलीवर दूध ठेवून आपण फोनवर माहेरच्यांशी बोलतो. दूध डोळ्यांसमोर असते, तरी उतू जाते. तसेच ते.

कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्या वेळीच हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

भाजी घेऊन कल्याणला जाताना रिक्षावाला फोनवर बोलायला लागला की आम्ही पूर्वी गप्प बसायचो. म्हटले, उतरवून दिले तर टोपल्या घेऊन कुठे जायचे? आता चौघी एकदम म्हणतो, "दादा, बाजूला घ्या, बोलून घ्या, आम्ही थांबतो." एकटीचे ऐकत नाहीत, चौघींचे ऐकतात.

आणि घरी? निघण्याआधी त्याने फोन करायचा, मग पोचेपर्यंत आपण करायचा नाही. ताईचा नवरा आता गोवेली नाक्यावर चहाला थांबतो आणि तिथून स्वतः फोन लावतो. कधी विसरतो. मग ती दारात येऊन उभी राहते, पुन्हा आत जाते, भाकऱ्या थापते; फोन फळीवरच ठेवते.